गोळी बंद करण्याआधी : एचआरटीचे त्रास आवरण्याची कृती

रात्री तीनला घामाने भिजून उठायचे, पंखा पाचवर करायचा, पाच मिनिटांनी थंडी वाजली की पुन्हा चादर ओढायची. पाळी जाण्याच्या वयातला हा खेळ महिनोन्‌महिने खेळून बाई एकदाची डॉक्टरांकडे जाते. डॉक्टर तपासतात, हार्मोनच्या गोळ्या नाहीतर जेल लिहून देतात. हीच एचआरटी, म्हणजे हार्मोन रिप्लेसमेंट थेरपी. काही आठवड्यांत अंगातून निघणाऱ्या गरम वाफा ओसरू लागतात. पण त्याच सुमारास मळमळायला लागते, स्तन ठणकतात, डोके धरते, नको त्या दिवशी डाग लागतो. मग बहुतेक घरांत दोनपैकी एक होते. एक तर गोळ्या कपाटात जातात आणि डॉक्टरांना त्याचा पत्ताही नसतो. नाहीतर ‘औषध म्हटलं की एवढं सोसावंच लागतं’ म्हणत बाई मुकाट सोसते.

बंद करणे आणि सोसणे यांच्यामध्ये बराच रस्ता आहे. ही कृती त्या रस्त्याची.

माझेच सांगते. पहिला महिनाभर मी प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल सकाळच्या चहाबरोबर घेत होते आणि अकरा वाजता ऑफिसात टेबलावर डुलक्या काढत होते. हे औषध आपल्याला मानवत नाही, असे मी ठरवूनही टाकले होते. मग एकदा चिठ्ठी नीट वाचली. कॅप्सूलच्या नावापुढे ‘एचएस’ लिहिले होते. मी ते डॉक्टरांच्या लफ्फेदार सहीचा भाग समजले होते. ‘एचएस’ म्हणजे रात्री झोपताना. वेळ बदलली, डुलक्या गेल्या आणि झोपही सुधारली.

ही कृती ज्यांना डॉक्टरांनी तपासून एचआरटी सुरू केली आहे त्यांच्यासाठी आहे. शेजारणीच्या चिठ्ठीवर औषध सुरू करण्यासाठी नाही. ज्यांना स्तनाचा कर्करोग, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी, यकृताचा आजार किंवा कारण न कळलेला रक्तस्राव होऊन गेला आहे, त्यांनी हे आधीच डॉक्टरांना सांगितलेले असायला हवे. राहिले असेल तर पुढची गोळी घेण्याआधी फोन करा.

साहित्य

- भिंतीवरचे कालनिर्णय आणि दोरीला बांधलेले पेन
- डॉक्टरांची चिठ्ठी आणि औषधांची पाकिटे (संपलेली पाकिटेही टाकू नका)
- सध्या चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी. त्यात शतावरी, अश्वगंधा, काढे, चूर्णे हेही लिहा
- जमल्यास बीपी मोजायचे यंत्र
- तुम्ही काय घेता हे ठाऊक असलेले घरातले एक माणूस
- तीन महिन्यांचा धीर

पायरी १ : आपण काय घेतो ते ओळखा

एचआरटीत बहुधा दोन हार्मोन असतात. पाकिटावर ‘एस्ट्राडिओल’ किंवा ‘कॉन्ज्युगेटेड इस्ट्रोजेन’ असेल तर ते इस्ट्रोजेन. वाफा, घाम, योनीचा कोरडेपणा आणि हाडांची झीज यांवर काम करते ते हेच. ‘मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन’, ‘डायड्रोजेस्टेरॉन’, ‘नॉरएथिस्टेरॉन’, ‘मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन’ यांपैकी काही असेल तर ते दुसऱ्या गटातले, प्रोजेस्टेरॉनच्या घरातले.

दुसरे औषध कशाला, असा प्रश्न पडतो. नुसते इस्ट्रोजेन घेत राहिले तर सारवणावर सारवण चढावे तसे गर्भपिशवीचे अस्तर जाड होत जाते आणि पुढे त्यात कर्करोग होऊ शकतो. प्रोजेस्टेरॉन ते अस्तर आवरून धरते. म्हणून पिशवी काढलेल्या बाईला सहसा एकटे इस्ट्रोजेन देतात, पिशवी असलेलीला दोन्ही.

यातून एक नियम निघतो, तो अधोरेखित करून ठेवा. प्रोजेस्टेरॉनने त्रास होतो म्हणून तेवढेच सोडून इस्ट्रोजेन चालू ठेवू नका. घरोघरी होणारी सगळ्यांत महागडी चूक हीच.

आता कोणता त्रास कोणाचा, ते ढोबळ मानाने पाहा. स्तन हुळहुळे होणे, मळमळ, डोकेदुखी आणि पोटऱ्यांत गोळे येणे हे जास्त करून इस्ट्रोजेनकडून. चिडचिड, उदास वाटणे, गुंगी, मुरुमे आणि ओटीपोट किंवा कंबर दुखणे हे जास्त करून प्रोजेस्टेरॉनकडून. पोट फुगणे दोघांच्याही खात्यावर.

पायरी २ : कुठे थांबायचे नाही, ते आधी पाठ करा

पुढील लक्षणांत नोंदवही नको, घरगुती उपाय नको, थेट दवाखाना. रात्र असेल तर १०८ ला फोन.

- एकाच पायाची पोटरी सुजणे, गरम लागणे, दुखणे. त्यावर तेल लावून चोळू नका. गुठळी असेल तर ती सुटून वर जाऊ शकते.
- अचानक धाप लागणे, छातीत दुखणे, खोकल्यातून रक्त पडणे
- आजवर कधी झाली नव्हती अशी भयंकर डोकेदुखी, बोलताना जीभ जड होणे, तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणे, अचानक दिसेनासे होणे
- डोळे आणि लघवी पिवळी होणे
- तासातासाला पॅड बदलावे लागेल इतके अंगावरून जाणे

स्तनात गाठ लागली, कातडी ओढली गेली किंवा बोंडातून रक्त आले तर रात्री धावायची गरज नाही, पण त्याच आठवड्यात दाखवा.

एचआरटीने कर्करोग होतो, या भीतीबद्दल इथेच बोलू. ती भीती मुख्यतः २००२ सालची आहे. त्या वर्षी जुलैत अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अभ्यासाचा एक भाग मध्येच थांबवण्यात आला. त्यात गर्भपिशवी असलेल्या १६,६०८ बायका होत्या, सरासरी वय ६३. त्यांतल्या निम्म्यांना घोडीच्या मूत्रातून काढलेले इस्ट्रोजेन आणि मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन अशी गोळी रोज दिली होती. बिनऔषधाची गोळी घेणाऱ्या बाकीच्यांपेक्षा त्यांच्यात दर १०,००० बायकांमागे वर्षाला स्तनाच्या कर्करोगाचे ८ रुग्ण जास्त आढळले. खुब्याचे हाड मोडण्याचे प्रसंग ५ ने कमी झाले. जोखीम खरी आहे, पण ती केवढी, कोणत्या वयात आणि कोणत्या औषधाची, हे धरूनच बोलावे. आज डॉक्टर शक्यतो साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत औषध सुरू करतात. तुमची स्वतःची जोखीम किती, हा प्रश्न त्यांना सरळ विचारा.

पायरी ३ : कालनिर्णयच्या चौकोनात नोंद करा

दुधाचा खाडा, गॅसची टाकी लावल्याची तारीख आपण तिथेच लिहितो. पाळीच्या तारखेला बारीक टिंब द्यायची सवयही जुनीच. त्याच चौकोनात आता एक अक्षर आणि एक आकडा लिहायचा.

म म्हणजे मळमळ, स म्हणजे स्तन ठणकणे, ड म्हणजे डोकेदुखी, ग म्हणजे गोळे, च म्हणजे चिडचिड किंवा रडू, र म्हणजे रक्त. आकडा १ ते ३. एक म्हणजे जाणवले, दोन म्हणजे कामात अडथळा, तीन म्हणजे आडवे पडावे लागले. ‘ड२’ लिहायला दोन सेकंद लागतात आणि स्वयंपाकघरात येणाऱ्या-जाणाऱ्याला त्यातले काही कळत नाही. प्रोजेस्टेरॉन महिन्यातले ठरावीक दिवसच घेत असाल तर त्या दिवसांखाली रेघ ओढा. गोळी चुकली त्या दिवशी फुली.

महिनाअखेरीस पान वाचा. चिडचिडीचे सगळे ‘च’ रेघेवरच बसलेले दिसले तर दोष तुमच्या स्वभावाचा नाही, प्रोजेस्टेरॉनचा आहे. ‘म’ फक्त चतुर्थी-एकादशीलाच असेल तर दोष रिकाम्या पोटाचा. फुलीनंतर एक-दोन दिवसांनी ‘र’ येत असेल तर दोष विसरण्याचा.

पायरी ४ : औषध बदलण्याआधी घेण्याची पद्धत सुधारा

*इस्ट्रोजेनची गोळी :* नाश्त्यानंतर किंवा जेवणानंतर, रोज एकाच वेळी. मळमळ होत असेल तर रात्रीच्या जेवणानंतर घेऊन पाहा. उपवासाच्या दिवशीही गोळी रिकाम्या पोटी नको. कपभर दूध आणि राजगिऱ्याचा लाडू पुरतो.

*प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल :* झोपायच्या वेळीच. मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन जेवणासोबत घेतले तर रक्तात जास्त उतरते आणि गुंगीही वाढते, म्हणून जेवण आणि कॅप्सूल यांत अंतर ठेवा. गॅस बंद, दार लावलेले, उद्याची भाजी निवडून झालेली, मग कॅप्सूल आणि मग अंथरूण. नंतर गाडी चालवायची नाही. काही कंपन्यांच्या कॅप्सूलमध्ये शेंगदाण्याचे तेल असते. शेंगदाण्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी पाकीट वाचावे.

*जेल :* अंघोळीनंतर, अंग कोरडे करून, दंडाच्या बाहेरच्या बाजूला किंवा मांडीच्या आतल्या बाजूला पातळ पसरा. स्तनांवर कधीही नाही. लिहून दिले आहे तितकेच पंप. पाच मिनिटे वाळू द्या, मगच ब्लाउज घाला. तासभर ती जागा धुऊ नका आणि त्यावर क्रीम किंवा पावडर लावू नका. दोन गोष्टी सहसा कोणी सांगत नाही. जेलमध्ये अल्कोहोल असते, म्हणून तो वाळेपर्यंत शेगडीजवळ किंवा देवापुढच्या निरांजनाजवळ जाऊ नका. आणि नातवंडाला लगेच कडेवर घेऊ नका. ओल्या जेलमधला हार्मोन मुलाच्या कातडीतून आत जातो. हात साबणाने धुवा.

*पॅच :* कमरेखाली, नितंबावर किंवा ओटीपोटावर, पण परकराच्या नाडीची किंवा सलवारीच्या इलॅस्टिकची रेघ टाळून. दर वेळी जागा बदला, म्हणजे खाज आणि लाली कमी होते. कोकण-मुंबईच्या घामात कड सुटते. लावण्याआधी ती जागा पुसून पूर्ण कोरडी करा आणि लावल्यावर तळहाताने दहा सेकंद दाबून धरा. मागे राहिलेला चिकटपणा खोबरेल तेलाने निघतो. पॅच प्रत्येक औषधाच्या दुकानात असतोच असे नाही, तेव्हा शेवटचा लावण्याआधी पुढचा आणून ठेवा.

*गोळी विसरली तर :* लक्षात आल्यावर घ्या. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्या. दोन एकदम घेऊ नका.

पायरी ५ : त्रास पाहून उपाय

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दोन आठवडे पाहा. आज चहा बंद, उद्या जेलची जागा वेगळी, परवा नवे चूर्ण असे केले तर कशाने बरे वाटले ते कधीच कळणार नाही.

*स्तन ठणकणे :* पहिल्या काही आठवड्यांत हे अनेकींना जाणवते. मापाची, नीट आधार देणारी ब्रा घाला. वीस वर्षांपूर्वीचे माप आता चालणार नाही. दुकानात मोजून घ्या. रात्री मऊ, बिनतारेची घाला. गार किंवा कोमट शेक, जो बरा वाटेल तो. तळलेले कमी करून भाकरी-भात-भाज्यांवर भर दिल्याने काहींना उतार पडतो. प्रिमरोझ तेलाच्या महागड्या कॅप्सूलना पक्का पुरावा नाही. तो खर्च ब्रावर करा.

*पायात गोळे :* भिंतीला दोन्ही तळवे टेकवा, एक पाय मागे सरळ, टाच जमिनीला, पुढचा गुडघा वाकवा. वीस-तीस सेकंद धरा, मग दुसरा पाय. झोपण्याआधी तीन-तीन वेळा. दिवसा चालणे असू द्या. गोळा आला की पायाचा अंगठा आपल्याकडे ओढा. पण दोन्ही पायांत आलटूनपालटून येणारा गोळा वेगळा आणि एकाच पायाची न उतरणारी सूज वेगळी. त्यासाठी पायरी २ पुन्हा वाचा.

*पोट फुगणे आणि वजन :* पापड, लोणचे, फरसाण आठवडाभर बाजूला ठेवा आणि फरक पाहा. एचआरटीने चरबी वाढते असे अभ्यासांत दिसलेले नाही. या वयात औषध न घेणारीचेही पोट सुटते. सुरुवातीला काट्यावर दिसणारा किलोभर बहुधा अंगात साठलेल्या पाण्याचा असतो. वजन आठवड्यातून एकदा, सकाळी, चहाच्या आधी करा.

*डोकेदुखी :* जेवणाची वेळ, पाणी आणि झोप आधी सांभाळा. अर्धशिशी असेल तर गोळीमुळे रक्तातले हार्मोन वर-खाली होऊन ती उठू शकते. अशांना जेल किंवा पॅच बरा पडतो, कारण त्यात पातळी एकसारखी राहते. डोकेदुखीआधी डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेषा येत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा.

*चिडचिड आणि उदासी :* पान वाचून दिवस ठरले की घरात सांगून ठेवा. मोठी भांडणे, मोठे निर्णय आणि पाहुण्यांचे जेवण त्या दिवसांत ठेवू नका. जगणे नको असे विचार येऊ लागले तर मात्र तीन महिने थांबायचे नाही; त्याच दिवशी डॉक्टर आणि घरचे माणूस.

पायरी ६ : रक्ताचा हिशेब वेगळा ठेवा

प्रोजेस्टेरॉन महिन्यातून १२ ते १४ दिवस घेत असाल तर ते संपताना सहसा पाळीसारखा रक्तस्राव येतो. तो औषध काम करत असल्याची खूण आहे. दोन्ही औषधे रोज घेत असाल तर पहिले तीन ते सहा महिने अधूनमधून डाग लागतात आणि पुढे थांबतात.

यापलीकडचे सगळे दाखवायचे. सहा महिन्यांनंतरही डाग चालूच आहेत, मध्ये पूर्ण थांबून पुन्हा सुरू झाले, किंवा दर वेळी वाढत चालले, तर डॉक्टर सोनोग्राफी करून अस्तराची जाडी मोजतील, गरज पडली तर तुकडा तपासायला पाठवतील. ‘गोळ्यांमुळेच असेल’ हे वाक्य डॉक्टरांनी म्हणायचे, आपण नाही.

आणखी एक घरगुती सवय. गौरी-गणपती, लग्न किंवा तीर्थयात्रा आली की पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणायच्या. त्या बहुधा नॉरएथिस्टेरॉनच्या असतात, म्हणजे पुन्हा हार्मोनच. एचआरटी चालू असताना त्या स्वतःच्या मनाने वर चढवू नका. तारीख महिनाभर आधी डॉक्टरांना सांगा.

पायरी ७ : तीन महिन्यांनी पाने घेऊन डॉक्टरांकडे

बहुतेक त्रास तीन महिन्यांत आपोआप उतरतात. जे उरले ते अंगवळणी पाडायचे नसतात, बदलून घ्यायचे असतात. बाहेर वीस जणी बसलेल्या ओपीडीत तुमच्या वाट्याला पाच मिनिटे येतात. त्यांत ‘बरं वाटत नाही’ एवढेच म्हटले तर काहीच घडत नाही. असे म्हणा : ‘वाफा दिवसाला दहाच्या दोन झाल्या. पण प्रोजेस्टेरॉनच्या बारा दिवसांत रोज चिडचिड तीनच्या पातळीला जाते. ही पाने बघा. औषध सोडायचं नाही, यात काय बदलता येईल?’

बदलता येण्यासारखे पुष्कळ असते :

- इस्ट्रोजेनचा डोस कमी करणे
- गोळीऐवजी जेल किंवा पॅच. कातडीतून जाणारे इस्ट्रोजेन पोटाला लागत नाही आणि नेहमीच्या डोसमध्ये गुठळीची जोखीम गोळीइतकी वाढवत नाही. वजन जास्त असेल तर हे मुद्दाम विचारा.
- प्रोजेस्टेरॉनचा प्रकार बदलणे
- प्रोजेस्टेरॉन गर्भपिशवीतच सोडणारे, कॉपर-टीसारखे बसवायचे साधन
- त्रास फक्त कोरडेपणाचा आणि लघवीच्या जळजळीचा असेल तर नुसते योनीत लावायचे क्रीम. ते रक्तात फारच थोडे उतरते.

औषधांची यादी याच वेळी पुढे करा. थायरॉईडची गोळी घेत असाल तर तोंडाने घ्यायचे इस्ट्रोजेन सुरू झाल्यावर तिचा डोस वाढवावा लागू शकतो, म्हणून टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) पुन्हा करून घ्या. फिट्सची काही औषधे आणि टीबीचे रिफाम्पिसिन इस्ट्रोजेनचा जोर कमी करतात. बीपी मोजून घ्या. त्यानंतर वर्षातून एकदा तरी भेट हवीच, आणि डॉक्टर सांगतील त्या अंतराने मॅमोग्राफी.

पायरी ८ : थांबवायचे असेल तर

कधी तरी थांबवावेसे वाटू शकते, आणि तो हक्क तुमचा आहे. फक्त तो डॉक्टरांना सांगून वापरा. हळूहळू डोस उतरवत नेला तर वाफांची उसळी सुरुवातीला कमी जाणवते. एकदम सोडले आणि आठवड्याने पुन्हा घाम फुटला, तर तो औषधाचा दुष्परिणाम नव्हे. जुना पाहुणाच परत आला आहे.

टीपा

१. एचआरटी म्हणजे गर्भनिरोधक नव्हे. पन्नाशीच्या आत पाळी गेली असेल तर शेवटच्या पाळीपासून दोन वर्षे, पन्नाशीनंतर गेली असेल तर एक वर्ष काळजी घ्या.

२. मैत्रिणीला मानवलेला डोस तुम्हाला मानवेलच असे नाही. तिच्याकडून धीर घ्या, पाकीट नको.

३. ऑपरेशन ठरले किंवा प्लास्टर घालून पडून राहायची वेळ आली, तर हार्मोन चालू असल्याचे तिथल्या डॉक्टरांना आधी सांगा.

४. चिठ्ठीवरचे एखादे अक्षर लागले नाही तर औषधाच्या दुकानदाराला विचारा. मी विचारले असते तर माझा एक महिना वाचला असता.

दुधाचे खाडे आपण महिनाअखेरीस पै-पैशाने मोजतो. आपल्या अंगाचेही तसेच मोजा, आणि तीन महिन्यांनी ती पाने भिंतीवरून काढून पर्समध्ये टाका. गोळी बंद करायची की बदलायची, ते डॉक्टरांसमोर ती पाने उघडून ठरवा.